साडूभाऊंचं ‘लाइन आउट’

माणसाला उजवा हात कशासाठी असतो, असं मला कुणी विचारलं तर मी बेधडक सांगेन, साडूच्या गिटारीपुढे माइक धरण्यासाठी. जेवणं, सही करणं, यष्टीत वरचा दांडा पकडणं ही सगळी त्या हाताची फावल्या वेळातली कामं. हे ज्ञान मला आमच्या थोरल्या साडूंनी दिलं. दमवणारी माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. जालन्याला ज्या बियाण्याच्या कंपनीत मी कारकुनी केली तिथले हेडक्लार्क एकच पत्र चार वेळा लिहून घ्यायचे आणि पहिलंच पाठवायचे. पण अशी माणसं दमवतात आणि सोडून देतात. साडूभाऊ दमवायचे, वर चहा पाजायचे आणि पुढच्या खेपेचं ठरवूनच निरोप द्यायचे. पाच वर्षं मी त्यांच्यापुढे हात धरून बसलो. आजही कुठे गिटार ऐकू आली की माझं कोपर आपोआप वर येतं आणि बायको विचारते, “लचक भरली का?”

साडूभाऊ तीर्थपुरीला लाइनमन होते. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची अक्का, त्यांना दिलेली. सत्तर सालानंतरची ही गोष्ट. जालना तेव्हा जिल्हा व्हायचा होता आणि गावात लाइन येऊन फार दिवस झाले नव्हते. आमच्याकडे लाइन म्हणजे वीज. लाइन आली, लाइन गेली, आज लाइनीत दम नाही, असंच लहानथोर बोलतात. ‘वीज’ हा शब्द आभाळातून पडते तिच्यासाठी राखून ठेवलेला. त्यामुळे लाइनमनला गावात मोठा मान. हातात पक्कड आणि खांद्यावर दोराचं भेंडोळं घेऊन साडूभाऊ निघाले की पारावरची माणसं सरकून जागा करायची, आणि साडूभाऊ न बसताच पुढे जायचे. सगळं गाव ते खांबांवरून ओळखत. कुणाचं नाव, आडनाव, नातं त्यांच्या लक्षात राहत नसे. “नऊ नंबरवाल्याच्या पोरीचं जमलं,” “बावीस नंबरवरची म्हातारी आजारी हाये,” अशी त्यांची बातमीपत्रं असत. माझीही ओळख ते ‘आमचे साडू’ अशी करून देत नसत. “हे सतरा नंबरवर उतरलेत,” एवढंच. सतरा नंबरचा खांब त्यांच्या दारात होता.

लाइनमनच्या धंद्यात एक नियम असतो. कुठल्याही वस्तूला आधी तळहात लावायचा नाही, उलटा हात लावायचा. तळहाताला लाइन लागली तर मूठ आवळते आणि सुटत नाही. उलटा हात झटक्यासरशी मागे येतो. हा नियम साडूभाऊंनी खांबावरून खाली उतरवून घरी आणला होता. दाराची कडी, यष्टीचं दार, पाण्याचा तांब्या, चहाचा कप, सगळ्याला आधी उलटा हात. माझी थोरली मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात येऊन त्यांनी तिच्या गालाला आधी उलटा हात लावला, क्षणभर थांबले, “बराबर हाये” म्हणाले आणि मगच तिला उचललं. तसंच त्यांचं ते काळ्या चिकटपट्टीचं. तारांच्या जोडाला गुंडाळायची ती पट्टी कायम खिशात. चष्म्याची काडी, छत्रीचा दांडा, चपलेचा अंगठा, अक्काचं उलथणं, जे मोडेल त्याला पट्टी. एकदा अक्का फार वेळ बोलत होती तेव्हा त्यांनी ती पट्टी खिशातून काढून तिच्याकडे बघत नुसती बोटावर फिरवली. पुढचे चार दिवस ते स्टॅंडवरच्या हॉटेलात जेवले.

अशा माणसाला गिटारीचा नाद लागावा, ही आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या मते माझ्या नशिबाची कमाल होती. ते शिकाऊ असताना काही दिवस जालन्याला राहिले होते. तिथे मिशनच्या आवारात एक मास्तर गिटार वाजवायचे. ही गिटार छातीशी धरून वाजवायची नव्हे. ती मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी घेऊन तारांवरून सरकवायची. तारांशी आपलं जन्माचं नातं आहे असं साडूभाऊंना तिथेच वाटलं असावं. चार रविवारांत चार चाली शिकले. पाचव्या रविवारी पाचवी चाल अर्धी झाली आणि मास्तरांना कुणी तरी बोलवायला आलं. पुढच्या रविवारी कळलं की मास्तरांची बदली झाली. त्यामुळे साडूभाऊंना साडेचार चाली येत. पाचवीच्या मध्यावर आले की ते कांडी उचलत, खिडकीबाहेर बघत आणि सांगत, “हितं मास्तर गेले.” ऐकणाऱ्याला वाटे, बिचारे वारले. काही जण हात जोडत.

तीर्थपुरीच्या आमच्या वस्तीत एक गायन पार्टी होती. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, लग्नाकार्यात भीमगीतं म्हणायची. पार्टीचे मुख्य गायक गावातल्या शाळेतले गुरुजी. आवाज असा की माइक हा नुसता शोभेला. पेटी, तबला, ढोलकी आणि टाळ एवढ्यावर भागलेल्या त्या पार्टीत साडूभाऊ गिटार घेऊन शिरले. गिटारीचा आवाज मोठा करायला त्यांनी औरंगाबादच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा अँप्लिफायर आणला. काळं, कोपरे झिजलेलं, पुढे फाटकी जाळी आणि आत स्पीकर असलेलं ते खोकं गोधडीत गुंडाळून यष्टीच्या टपावरून गावात आलं तेव्हा कुणी तरी आजारी माणूस आणलाय म्हणून चार बायका घरी बघायला आल्या. खोक्याच्या पुढे बटणं होती आणि मागे, खालच्या कोपऱ्यात, एक भोक होतं. भोकावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘लाइन आउट’.

साडूभाऊंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “बघा पाव्हणे, किती डोक्याचा माणूस असंल बनवणारा! लाइन आउट झाली की वापरायचं भोक.”

“म्हंजे?”

“म्हंजे लाइन गेली की हितून बॅटरी लावायची. लाउडस्पीकरवाल्याच्या मशीनला न्हाई का, मागं बॅटरीच्या तारा असतात? तसंच.”

मी बिचकत म्हणालो, “पण मंग बॅटरीची लाइन आत जायची ना? इन लिव्हलं असतं.”

“पाव्हणे, तुमी बियाण्याचं बघा. लाइनीचं मी बघतो.”

त्यांच्या बोलण्यात खोट कुठे होती? लाउडस्पीकरवाल्याचं मशीन खरंच बॅटरीवर चालायचं, आणि गावात ‘लाइन आउट’चा दुसरा अर्थ कुणाला ठाऊक होता? भोकात धूळ जाऊ नये म्हणून त्यांनी त्यावर काळी पट्टी मारली आणि त्या मापाच्या खुंटीची बॅटरी शोधायला लागले. ट्रॅक्टरवाले, जीपवाले, सिनेमाच्या तंबूवाले, सगळ्यांच्या बॅटऱ्या त्यांनी उलट्या हाताने चाचपून पाहिल्या. भोकाच्या मापाची एकही निघाली नाही, म्हणून ते खोकं वाचलं.

आता माझ्या हाताकडे येतो. ते खोकं कितीही ओरडलं तरी मंडपातल्या पहिल्या तीन रांगांपलीकडे त्याचा आवाज जात नसे. गावाच्या चार कोपऱ्यांवर बांधलेले भोंगे होते, पण ते फक्त माइकचं ऐकायचे. लाउडस्पीकरवाल्याकडे माइक दोन आणि स्टॅंड एक. स्टॅंड गुरुजींचा. मग दुसरा माइक खोक्यापुढे धरणार कोण? आधी तो एका खुर्चीला बांधून पाहिला. खोकं थरथरलं की खुर्ची थरथरायची, आणि भोंग्यांतून अशी शिट्टी निघायची की बैल दावं तोडायचे. तेव्हा साडूभाऊंनी जाहीर केलं, “माणसाच्या हाताला जे कळतं ते खुर्चीला कळत न्हाई,” आणि सगळ्या मंडपातून नेमकं माझ्याकडे पाहिलं. मी त्या दिवशी पाहुणा म्हणून गेलो होतो. अंगावर इस्त्रीचे कपडे होते.

तेव्हापासून तो हात त्यांचा झाला. कार्यक्रम ठरला की जालन्याला पोस्टकार्ड यायचं. मजकूर कायम एकच: ‘कार्यक्रम ठरला. हात घेऊन येणे.’ रजा काढायची, अंबडला गाडी बदलायची, धूळ खात तीर्थपुरी गाठायची, ते खोकं मंडपापर्यंत वाहायचं आणि मग त्याच्या जाळीपासून वीतभर अंतरावर माइक धरून, मांडी घालून बसायचं. आवाज चढला की माइक मागे, उतरला की पुढे. नाकावर माशी बसली तर तिने स्वतः उठायची वाट पाहायची. साडूभाऊ माझ्यासमोर, मांडीवर गिटार. वाजवताना त्यांचे डोळे मिटलेले असत, प्रत्येक कडव्यानंतर एक डोळा उघडायचा, भुवई वर जायची आणि ओठांतल्या ओठांत प्रश्न यायचा, “जातंय का?” म्हणजे गिटार भोंग्यांतून जातेय का. मी मान हलवायची. “जातंय.” मग तो डोळा पुन्हा मिटायचा. एका कार्यक्रमात हा सवालजवाब चाळीसेक वेळा होई. खरं तर मला कधीच कळलं नाही की जातंय की नाही. कानापाशी खोकं असं ओरडत असायचं की भोंगेच काय, रेल्वे गेली असती तरी कळली नसती.

एकदा एका लग्नात ऐन गाण्यात लाइन गेली. सगळा मांडव साडूभाऊंकडे पाहायला लागला, कारण लाइन गेली की लाइनमनने उठायचं हा रिवाज. त्यांनी दूरवरच्या तारांकडे नजर टाकली आणि म्हणाले, “वरूनच गेलीय, अंबडकडून. माज्या हातात काही न्हाई.” लोक पाणी प्यायला उठले. लाउडस्पीकरवाल्याची बॅटरी नेमकी उतरलेली, म्हणून भोंगे मुके, खोकं मुकं. साडूभाऊ मात्र वाजवतच राहिले. लाइन नसली की त्या गिटारीचा आवाज डास गुणगुणल्याइतका. माझ्यापलीकडे तो एकालाही ऐकू येणं शक्य नव्हतं. मीही सवयीने मेलेला माइक धरून बसलेलो. कडवं संपलं, डोळा उघडला. “जातंय का?” मी इकडेतिकडे पाहिलं. मांडव रिकामा, एक म्हातारा फेटा उशाला घेऊन झोपलेला. “जातंय,” मी म्हणालो. ते खुशीत हसले आणि पुढचं कडवं घेतलं. आता या माणसावर रागवायचं तरी कसं?

तरी दमणूक ही दमणूकच. पाचव्या वर्षीच्या जयंतीला, एप्रिलच्या उन्हात, दुपारभर मी माइक धरून बसलो होतो. त्या खेपेला बायकोही अक्काकडे आली होती आणि तिने सकाळीच बजावलं होतं की साडेपाचची गाडी चुकवायची नाही. गुरुजींनी एक फार करुण गीत घेतलं. शेवटच्या ओळीवर ते डोळे मिटून थांबले. सगळा मंडप गप्प. बायका डोळे पुसताहेत. त्या शांततेत मी शेजारच्या तबलेवाल्याकडे झुकून, माझ्या मते अगदी हळू, म्हणालो, “साडेपाचची यष्टी गेली. या गिटारीपायी माजा हात गेला आन् जन्मबी गेला.” पाच वर्षांत पहिल्यांदाच मला स्पष्ट ऐकू आलं की भोंग्यांतून जातंय. चारही कोपऱ्यांवरून माझा हात गेला आणि जन्म गेला. आधी एक पोर हसलं, मग मंडप हसला, आणि गुरुजींनी डोळे उघडले. संध्याकाळी सतरा नंबरवर परतलो तेव्हा बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “हात गेल्याचं ऐकलं. जन्म कुणी घेतला तुमचा?”

गुरुजी त्या दिवशी काही बोलले नाहीत. सभ्य माणूस. पण पुढची जयंती महिन्यावर आली तेव्हा त्यांनी साडूभाऊंना घरी बोलावून, चहा देऊन सांगितलं, “औंदा गिटार ऱ्हाऊ द्या. तुमच्या वाजवण्याला नाव ठेवत न्हाई मी. पण गावाला गिटार ऐकूच येत न्हाई हो. पाव्हण्यांचा दमा ऐकू येतो.”

मला हे कळलं ते पोस्टकार्ड आलं नाही यावरून. खरं सांगतो, पहिले आठ दिवस मी मजेत होतो. रविवारी दुपारी उजव्या कुशीवर झोपलो, ते सुद्धा हात डोक्याखाली घेऊन. नवव्या दिवशी अक्काचं पत्र आलं, माझ्या बायकोच्या नावाने. बायकोने ते वाचलं आणि माझ्या पुढ्यात टाकलं. साडूभाऊंनी अख्ख्या खोक्याला वरपासून खालपर्यंत काळी पट्टी मारून ते माळ्यावर टाकलं होतं. जेवतात, कामावर जातात, पण बोलत नाहीत. ‘आणि परवा,’ अक्काने लिहिलं होतं, ‘चहाचा कप यांनी सरळ हाताने धरला आणि भाजून घेतला. उलटा हात लावायचं विसरले. चहाचं चालतं गं बाई. उद्या खांबावर विसरले म्हणजे?’

गेलं वर्षभर मी माझी ती भोंग्यावरची फजिती कंपनीत रंगवून सांगत होतो, त्यावर लोकांकडून चहा उकळत होतो. आणि तिकडे एक माणूस माझ्या एका वाक्यापायी खांबावर सरळ हाताने चढणार होता. मला त्या दिवशी कामात दोन वेळा बेरीज चुकली आणि हेडक्लार्क प्रथमच बरोबर होते.

संध्याकाळी सुटल्यावर मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या दुकानात गेलो. जालन्यातला जुना माणूस. जन्म निजामाच्या राज्यातला, बोलणं दखनी. मला हवा होता माइकचा बुटका स्टॅंड, जो खोकत नाही. चाचांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “डब्बे के पीछे क्या क्या लिखा है?” पाच वर्षं ते खोकं वाहिल्यामुळे त्याची पाठ मला तोंडपाठ होती. मी घडाघडा सांगितलं आणि शेवटी म्हणालो, “और एक लाइन आउट है, वो लाइन गयी तो बॅटरी लगाने का.”

चाचांनी हातातली कैची खाली ठेवली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “अरे साब, ये वो लाइन नक्को समझो! ये आवाज की लाइन है. इसमें से आवाज बाहर निकलता. लेकिन कच्चा आवाज. सीधा भोंगा लगाए तो कुछ नहीं बोलेगा. इसको लाउडस्पीकरवाले की मशीन में डालो, वो पक्का करके भोंगे को देती. माइक की जरूरतच नहीं.”

“और हात की?”

“हात कायको होना? एक वायर बस.”

त्यांनी दोन्ही टोकांना खुंट्या असलेली चार हात वायर बनवून दिली. ती खिशात घालून मी घरी आलो आणि रात्रभर जागाच राहिलो. पाच वर्षं! पाच वर्षं मी ज्या खोक्यापुढे बसलो त्याच्याच पाठीमागे माझी सुट्टी पट्टीखाली पडून होती.

शनिवारी, कार्ड आलेलं नसताना, मी पहिल्यांदाच तीर्थपुरीला गेलो. साडूभाऊ ओट्यावर बसले होते. मी वायर त्यांच्यापुढे ठेवली आणि चाचांनी सांगितलेलं सांगितलं. लाइनमनला ‘ही लाइन म्हणजे लाइन नव्हे’ असं सांगणं सोपं नसतं. त्यांनी वायरीला हात लावला नाही.

“कोण म्हन्लं?”

“रेडिओवाले चाचा.”

“ते कधी खांबावर चढलेत?”

“न्हाई.”

“मंग?”

अक्का दारातून म्हणाली, “आवं, लावून तर बघा. खांबावर चढल्याशिवाय का माणसाला काई कळतच न्हाई?”

ते उठले. खोकं आम्ही दोघांनी माळ्यावरून उतरवलं. त्यांनी नखाने पट्टी उकरायला सुरुवात केली. वरची, मग बाजूची, मग शेवटी त्या भोकावरची, पाच वर्षांपूर्वीची. अक्षरं उघडी पडली. साडूभाऊंनी वायर उचलली, भोकाजवळ नेली, थांबले, आणि भोकाला आधी हळूच उलटा हात लावला. ते बघून अक्का तोंडाला पदर लावून आत चहा टाकायला गेली, आणि मलाही हायसं वाटलं. लाउडस्पीकरवाल्याच्या घरी जाऊन त्याच्या मशीनला दुसरं टोक लावलं. साडूभाऊंनी एकच तार छेडली. अंगणातल्या भोंग्यातून ती अशी निघाली की जणू कुणी तोंड धुऊन समोर आलंय. ना शिट्टी, ना दमा. साडूभाऊ भोंग्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे दार उघडंच होतं, आन् पाच वर्सं आपण खिडकीतून सामान फेकून राह्यलो.”

गुरुजींनी ऐकलं आणि मोठ्या मनाने एक गाणं दिलं. “एकच. बराबर झालं तर पुढचं बघू.” म्हणजे त्या एका गाण्यावर सगळं होतं. जयंतीच्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा मंडपात खुर्चीवर बसलो, सावलीत, दोन्ही हात मांडीवर. शेजारच्याने पान दिलं. वंदना झाली, भाषणं झाली, आणि गुरुजींनी साडूभाऊंकडे पाहून खूण केली. गिटार सुरू झाली. सगळ्या वस्तीवर ती स्वच्छ पसरली. मागच्या रांगेतली माणसं माना वळवून भोंग्यांकडे पाहायला लागली. पहिलं कडवं संपलं. साडूभाऊंचा डोळा उघडला, भुवई वर गेली. ओठ हलले. समोर मी नव्हतो. जिथे मी बसायचो तिथे सतरंजीवर ती वायर पडली होती.

त्यांनी पुन्हा डोळे मिटले, पण कांडी घसरली. एक सूर चुकला. पूर्वी असं काही झालं की लोक म्हणायचे, माइकचा दोष. आता दोष द्यायला कुणी नव्हतं; चूक जशीच्या तशी, धुतल्यासारखी, चारही कोपऱ्यांवर गेली. मग दुसरा चुकला. ढोलकीवाला अडखळला. गुरुजींनी गाता गाताच वळून पाहिलं, आणि साडूभाऊ थांबले. कांडी तारांवर तशीच, मान खाली. गुरुजींच्या माइकमधून त्यांचा बारीक आवाज सगळ्या गावाने ऐकला, “पाव्हणे कुठायत?”

मी तोंडातलं पान कुठे टाकलं ते मला आठवत नाही. माणसांच्या पायांवरून तसाच गेलो आणि त्या वायरीशेजारी, खोक्यापुढे, माझ्या जागेवर मांडी घालून बसलो. हातात काहीच नव्हतं. पण हात आपसूक वर आला, मूठ वळली, जाळीपासून वीतभर अंतरावर. पहिल्या रांगेतली पोरं खिदळायला लागली असतील. मी पाहिलं नाही. साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या रिकाम्या मुठीकडे पाहिलं. “जातंय का?” “जातंय, साडूभाऊ,” मी म्हणालो, आणि या वेळेस ते खरं होतं. गुरुजींनी कडवं पुन्हा धरलं. गाणं शेवटपर्यंत झालं, दोन चुकांसकट. उतरताना गुरुजी मला म्हणाले, “गिटार ऱ्हाऊ द्या पार्टीत. पण तुमी बिलकुल बोलू नका.”

वायर नंतर कधी निघाली नाही, आणि मीही सुटलो नाही. पोस्टकार्डं येत राहिली, फक्त मजकूर बदलला: ‘कार्यक्रम ठरला. काम काही नाही. नुसते येणे.’ मी ते वाचून दर वेळी चिडायचो. काम असताना जाणं समजू शकतं, पण रजा काढून, अंबडला गाडी बदलून, धूळ खाऊन नुसतं जायचं? बायको पिशवी भरून द्यायची आणि मी निघायचो. खूप वर्षं गेलो. काही वेळा नाहीही गेलो; कंपनीत हंगामाची घाई असायची, कंटाळाही असायचा. न गेल्यावर साडूभाऊंनी कधी जाब विचारला नाही. अक्का म्हणायची, त्या दिवशी तीन चालीच वाजवतात.

गेल्या थंडीत साडूभाऊ गेले. झोपेतच. गिटार त्यांच्या नातवाने घेतली. ते खोकं मी मागून आणलंय, कुणाला नकोच होतं. मागच्या भोकाला वायर आहे, दुसरं टोक कशालाच लावलेलं नाही. आता मी निवृत्त आहे. साडेपाचची गाडी चुकली तरी कुणी रागवत नाही. हात पूर्वीसारखा दुखत नाही आणि नुसतं जायला वेळच वेळ आहे. दुपारी पोस्टमन गल्लीत शिरला की मी उगीच दाराशी जाऊन उभा राहतो. तो शेजारच्यांची पत्रं देतो आणि सायकल वळवून निघून जातो.